युद्धपूर्व आर्चटॉप गिटार : झीज, डागडुजी आणि मोल

दुसऱ्या महायुद्धापूर्वी अमेरिकेत घडविल्या गेलेल्या आर्चटॉप गिटारींचे वय आज ऐंशी ते शंभर वर्षांच्या घरात आहे. लाकूड, सरस, लॅकर, धातू आणि सेल्युलॉइड यांपासून तयार झालेली ही वाद्ये काचेच्या कपाटासाठी घडविलेली नव्हती. नृत्यगृहांत, नभोवाणी केंद्रांत आणि ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत रात्रीमागून रात्र वाजत राहावीत, या हेतूनेच त्यांची निर्मिती झाली. साहजिकच अशी एखादी गिटार विक्रीस येते, तेव्हा तिच्या माथ्यावर कोणाचे नाव कोरले आहे एवढे पाहून जाणकाराचे समाधान होत नाही. तिच्यातील काय मूळचे आहे, काय बदलले गेले आहे आणि झालेला बदल पूर्ववत करता येण्याजोगा आहे काय, याचा शोध तो प्रथम घेतो. या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर वाद्याची किंमत ठरते आणि पुष्कळदा त्याचे आयुष्यही.

हे प्रश्न समजण्यासाठी आर्चटॉपची घडण ध्यानात घ्यावी लागते. नेहमीच्या गिटारची तबली सपाट असते, घोडी तिच्यावर चिकटविलेली असते आणि तारा त्या घोडीतच अडकविलेल्या असतात. आर्चटॉपची तबली आणि पाठ व्हायोलिनप्रमाणे मध्यभागी फुगीर असते. उत्तम प्रतीच्या वाद्यात हा फुगीरपणा जाड फळी कोरून साधलेला असतो. तबलीसाठी स्प्रूस आणि पाठीसाठी बहुधा मेपल वापरले जाते. घोडी चिकटविलेली नसते. तारांच्या दाबाने ती जागेवर उभी असते आणि तारांची मागची टोके वाद्याच्या बुडाशी बसविलेल्या धातूच्या टेलपीसमध्ये अडकविलेली असतात. सतारीची घोडी आणि लंगोट पाहिलेल्या वाचकाला ही रचना सहज उमजेल. तबलीवर गोल छिद्राऐवजी व्हायोलिनसारखी 'एफ' आकाराची दोन छिद्रे असतात. अशा वाद्याचा स्वर खणखणीत, नेमका आणि लवकर विरणारा असतो. ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या कल्लोळातूनही गिटारचा ठेका श्रोत्यांपर्यंत पोहोचावा, ही त्या काळाची गरज होती आणि हा स्वर ती गरज भागवीत असे.

कालामाझू ते न्यूयॉर्क

कोरीव तबलीच्या गिटारचे जनकत्व ऑरव्हिल गिब्सन यांच्याकडे जाते. मिशिगन राज्यातील कालामाझू येथे काम करणाऱ्या या कारागिराने १८९८ मध्ये आपल्या मेंडोलिनच्या रचनेचे पेटंट मिळविले. १९०२ मध्ये त्यांच्या नावाने कंपनी स्थापन झाली. तथापि, आज ज्या स्वरूपात आर्चटॉप ओळखली जाते ते स्वरूप लॉइड लोर यांच्या कारकिर्दीत सिद्ध झाले. लोर हे वादक होते आणि ध्वनिशास्त्राचे अभ्यासकही. १९१९ ते १९२४ या काळात ते गिब्सन कंपनीत होते. त्यांच्या देखरेखीखाली १९२२ मध्ये 'एल-५' ही गिटार बाजारात आली. सोळा इंच रुंदीचा देह, 'एफ' छिद्रे, दांडीच्या पोटात ताण समायोजित करणारी पोलादी सळई आणि उंची कमी-जास्त करता येणारी घोडी ही तिची वैशिष्ट्ये. लोर यांची सही आणि तारीख असलेली चिठ्ठी छिद्रातून दिसते अशा मोजक्या एल-५ना आज विशेष मान आहे.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस वाद्यवृंदांतून बॅन्जो मागे पडला आणि त्याची जागा गिटारने घेतली. एडी लँग यांच्या ध्वनिमुद्रिकांनी एल-५चा लौकिक वाढविला. स्पर्धाही त्याच वेगाने वाढली. न्यूयॉर्कच्या एपिफोन कंपनीने १९३१ मध्ये 'मास्टरबिल्ट' मालिका आणली. गिब्सनने १९३४ मध्ये एल-५ची रुंदी सतरा इंचांवर नेली आणि अठरा इंची 'सुपर ४००' सादर केली. नावातील आकडा म्हणजे तिची डॉलरमधील किंमत होय. महामंदीच्या त्या वर्षांत ही रक्कम किती मोठी होती, हे वेगळे सांगावयास नको. एपिफोनने १९३५ मध्ये त्याहून रुंद 'एम्परर' काढून उत्तर दिले. इंचा-इंचाची ही चढाओढ आज काहीशी गमतीची वाटते. परंतु ध्वनिवर्धक सर्रास नसताना वाद्याचा आकार हाच आवाज वाढविण्याचा एक मार्ग होता.

याच सुमारास, १९३२ मध्ये, जॉन डँजेलिको यांनी मॅनहॅटनमधील केनमेअर स्ट्रीटवर स्वतःची कार्यशाळा उघडली. व्हायोलिन घडविणाऱ्या इटालियन परंपरेत तयार झालेल्या या कारागिराची आरंभीची वाद्ये एल-५च्या धर्तीची होती. पुढे त्यांनी स्वतःची शैली निर्माण केली. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर त्यांच्या हातून सुमारे साडेअकराशे गिटारी तयार झाल्या होत्या. बॉस्टनमध्ये स्ट्रॉमबर्ग पितापुत्रांनी एकोणीस इंच रुंदीपर्यंत मजल मारली. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात १९३७ पासून अखेरपर्यंत ठेका धरणारे फ्रेडी ग्रीन यांनी एपिफोन आणि स्ट्रॉमबर्ग दोन्ही वापरल्या.

मात्र या वैभवाचा शेवटही त्याच दशकात दिसू लागला होता. १९३६ मध्ये गिब्सनने 'ईएस-१५०' ही विद्युत गिटार आणली. १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्या ताफ्यात दाखल झालेल्या चार्ली ख्रिश्चन यांनी तिच्यावर एकेका स्वराचे सलग वादन करून दाखविले आणि गिटार ठेक्याच्या चौकटीतून बाहेर पडली. १९४२ मध्ये युद्धसामग्रीसाठी धातूवर निर्बंध आले आणि वाद्यनिर्मिती मंदावली. 'युद्धपूर्व' ही संग्राहकांची संज्ञा साधारणतः याच वर्षापाशी थांबते. या संज्ञेभोवती बरेच धुके आहे, हेही नमूद केले पाहिजे. युद्धापूर्वीचे प्रत्येक वाद्य श्रेष्ठ आणि नंतरचे प्रत्येक कनिष्ठ, असे मानण्यास आधार नाही. डँजेलिको यांची अनेक नामांकित वाद्ये युद्धोत्तर काळातील आहेत.

अवस्था कशी पाहावी

तारा चढविलेल्या गिटारवर एकूण ताण दीडशे पौंडांच्या आसपास असतो. पूर्वीचे वादक आजच्यापेक्षा जाड तारा लावीत, तेव्हा तो त्याहूनही अधिक असे. सपाट गिटारमध्ये हा ताण तबलीला वर खेचतो. आर्चटॉपमध्ये त्याचा एक भाग घोडीवाटे तबलीला खाली दाबतो. कमान हा दाब पेलते, तबलीच्या आतून चिकटविलेल्या दोन लांब आधारपट्ट्या तिला साह्य करतात. (१९३० च्या दशकाच्या मध्यात काही वर्षे गिब्सनने समांतर पट्ट्यांऐवजी कैचीच्या आकारात पट्ट्या बसविल्या आणि पुढे पुन्हा जुनी पद्धत स्वीकारली. दोन्हींच्या स्वरात फरक आहे आणि दोन्हींचे चाहते आहेत.) शंभर वर्षांत सरस सुकून एखादी पट्टी सुटली, तर कमान हळूहळू बसू लागते. हा आर्चटॉपचा सर्वांत गंभीर विकार होय.

तो ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे घोडी पाहणे. घोडीच्या दोन स्क्रूंवरील चक्रे जवळजवळ वरच्या टोकापर्यंत फिरविलेली असतील, तर तबली खाली गेल्याचा संशय घ्यावा. उलट घोडी अगदी खाली उतरविलेली असूनही तारा पडद्यांपासून उंच राहत असतील, तर दांडीचा कोन बिघडला आहे असे समजावे. दुसरा दोष दुरुस्त होतो. दांडी देहाशी खाचेच्या जोडाने सरस लावून बसविलेली असते. वाफेने सरस मऊ करून ती सोडविता येते आणि योग्य कोनात पुन्हा बसविता येते. पहिल्या दोषातही सुटलेली पट्टी छिद्रातून हात घालून चिकटविता येते, पण वर्षानुवर्षे बसलेली कमान पुन्हा पूर्वीसारखी उठत नाही. म्हणूनच तबलीवर पट्टी टेकवून आणि आतून आरसा फिरवून पाहिल्याखेरीज जाणकार पुढे बोलत नाहीत.

भेगांचे तसे नाही. स्प्रूसच्या तबलीला वय झाल्यावर भेग पडणे स्वाभाविक आहे; 'एफ' छिद्राच्या टोकाशी किंवा तबलीच्या धाग्याला समांतर गेलेली भेग वेळीच सरसाने सांधली असेल, तर स्वरात बाधा येत नाही. ग्राहक भेगेला जितका घाबरतो तितके घाबरण्याचे कारण नसते. घाबरावे ते तिच्या वाईट दुरुस्तीला. सरसाचा जोड उष्णता आणि ओल्याव्याने सुटतो, पुढच्या कारागिराला तो पुन्हा उघडता येतो. इपॉक्सी किंवा तत्सम आधुनिक डिंक भेगेत ओतले की लाकडाचे धागे कायमचे बंदिस्त होतात आणि पुढची योग्य दुरुस्ती जवळपास अशक्य होते. आपल्याकडे मिरजेच्या सतारमेकरांनाही सरसाचा हा गुण पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

दांडीतील पोलादी सळई हा दुसरा नाजूक भाग. माथ्यावरील घंटेच्या आकाराचे छोटे झाकण काढले की तिची चाकी दिसते. गंजाने अडकलेली चाकी बळाने फिरविली तर सळई तुटते, आणि ती बदलण्यासाठी फिंगरबोर्ड उचकटावा लागतो. खरेदीपूर्वी ती हलक्या हाताने फिरते की नाही एवढेच पाहावे. न फिरल्यास तो भाग कारागिरावर सोपवावा. पडदे झिजणे, खुंट्या सैल होणे या गोष्टी मात्र सायकलचे टायर बदलण्याइतक्या सामान्य होत. पडदे बदललेली गिटार 'मूळ' राहिली नाही असा आग्रह धरणारे संग्राहक आहेत, पण वाजविण्यासाठी केलेल्या वाद्याकडून तशी अपेक्षा करणे अवाजवी आहे.

लॅकरचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. १९२० च्या दशकाच्या मध्यानंतर गिब्सनने व्हार्निश सोडून नायट्रोसेल्युलोज लॅकर स्वीकारले. थंडी-उन्हाच्या फेऱ्यांनी या लॅकरवर कोळिष्टकासारख्या बारीक तडा उमटतात, वादकाच्या हाताखाली ते घासून लाकूड उघडे पडते. ही झीज मूल्य फारसे कमी करीत नाही. उलट ती खरेपणाची साक्ष मानली जाते. वाद्य 'नवे दिसावे' म्हणून जुने लॅकर खरवडून पुन्हा रंग दिला असेल, तर मात्र किंमत साधारणतः निम्म्यावर येते, असा व्यापारातील संकेत आहे. खरवडताना तबलीची जाडीही कमी होते, तेव्हा हा संकेत केवळ संग्राहकांच्या हट्टातून आलेला नाही. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली जुने लॅकर पिवळसर-हिरवट चमकते, नंतर फवारलेला थर वेगळा उठून दिसतो. एवढी साधी परीक्षा अनेक सौद्यांचे भवितव्य ठरविते.

सेल्युलॉइडचा रोग

आर्चटॉपच्या कडेची पांढरी किनारपट्टी, तारांखाली तबलीपासून वर उचलून बसविलेले कासवपाठी रंगाचे पिकगार्ड, काही वेळा खुंट्यांच्या मुठी हे सारे सेल्युलॉइडचे असते. त्या काळी चित्रपटाच्या फितीही याच कुळातील पदार्थाच्या, म्हणजे सेल्युलोज नायट्रेटच्या, असत. पुण्यात २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींना लागलेली आग आणि त्यात नष्ट झालेला प्रभातकालीन ठेवा मराठी वाचकांच्या स्मरणात असेल. गिटारवरील सेल्युलॉइड सहसा पेट घेत नाही, पण ते आतून कुजते. प्रथम ते आक्रसते. कमरेच्या वळणावर किनारपट्टी देहापासून सुटून दोरीसारखी ताणली जाते. पुढे त्यात स्फटिकासारख्या भेगा पडतात, ते चिकट होते आणि अखेर भुगा होऊन गळते. या प्रक्रियेत नायट्रोजनची आम्ल वाफ बाहेर पडते. बंद पेटीत ती साचून राहते. पिकगार्डच्या जवळचा टेलपीस हिरवा पडतो, खुंट्यांची चाके गंजतात, खालचे लॅकर मऊ होते आणि शेजारच्या निरोगी सेल्युलॉइडलाही तीच बाधा होते. जुन्या गिटारची पेटी उघडताच कापरासारखा किंवा आंबूस, नाकाला झोंबणारा वास आला, तर तो जुनेपणाचा सुगंध समजून सुखावू नये.

या रोगावर उपाय नाही. फक्त अलगीकरण आहे. कुजू लागलेले पिकगार्ड काढून त्याची छायाचित्रे आणि मापे घ्यावीत, ते हवेशीर जागी वेगळे ठेवावे आणि वाद्यावर नवी प्रतिकृती बसवावी. मूळ भाग फेकून न देता वाद्यासोबत, पण पेटीबाहेर, जपला तर मूल्यही टिकते. येथे 'सर्व काही मूळचे' असा दावा करणाऱ्या विक्रेत्याचा प्रामाणिकपणाच ग्राहकाच्या मुळावर येऊ शकतो. मूळचे पिकगार्ड तसेच ठेवलेली निष्कलंक गिटार दहा वर्षांत स्वतःच्याच एका तुकड्यामुळे डागाळते.

कापलेल्या तबल्या

माणसाच्या हातून झालेली हानी याहून मोठी आहे. १९४० नंतर वाद्यवृंदांत विद्युत गिटार अपरिहार्य झाली, तेव्हा अनेक वादकांनी आपल्या जुन्या आर्चटॉपलाच पिकअप बसवून घेतले. शहाण्यांनी डिआर्मंड पद्धतीचे तरंगते पिकअप वापरले. ते तबलीला न टेकता दांडीच्या कडेला किंवा सळईला अडकविता येते आणि फार तर एखाद-दोन स्क्रूंची भोके मागे ठेवते. इतरांनी तबलीत थेट चौकोनी खिडकी कापली, आवाजाच्या बटणांसाठी भोके पाडली, कधी आधारपट्टीही छाटली. त्या वादकांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्यासाठी ती गिटार पोटापाण्याचे साधन होती आणि एका रात्रीच्या कार्यक्रमाला ऐकू येणे ही तिची एकमेव कसोटी होती. परंतु कापलेली तबली कितीही कुशलतेने सांधली तरी मूळ कोरीवकामाचा तोल परत येत नाही. तबली पूर्ण बदलणे हा एकच खरा मार्ग उरतो, आणि मग ते वाद्य कोणाचे म्हणावे हा प्रश्न उभा राहतो.

वाद्याचे वय ठरविताना केवळ चिठ्ठीवर विसंबू नये. चिठ्ठी गळते, बदललीही जाते. गिब्सनच्या वाद्यांत आतल्या बाजूस कारखान्याच्या आदेशाचा क्रमांक छापलेला असतो; १९३५ पासून युद्धापर्यंत त्यात वर्ष दर्शविणारे अक्षरही येते. माथ्यावरील नावाची अक्षरवळण, देहाची रुंदी, टेलपीसची घडण आणि हा क्रमांक एकमेकांशी जुळले तरच निष्कर्ष काढावा.

मोलाविषयी एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. कंट्री संगीतातील मेबेल कार्टर यांची १९२८ ची एल-५ ही अमेरिकेतील सर्वांत प्रसिद्ध गिटारींपैकी एक आहे. ती त्यांनी २७५ डॉलरना घेतली आणि कारकिर्दीचा बहुतांश काळ वाजविली. आज ती नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम संग्रहालयात आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०११ मध्ये डँजेलिको आणि त्यांच्या परंपरेतील कारागिरांचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले होते. एवढा मान असूनही १९३० च्या दशकातील चांगली एल-५ त्याच काळातील सपाट तबलीच्या मार्टिन डी-४५ च्या किमतीच्या अल्पशा अंशात मिळते. ठेका धरणारा गिटारवादक वाद्यवृंदांसोबत मागे पडला आणि त्याच्या वाद्याची मागणीही ओसरली. याचा खरा फटका गिब्सनच्या 'एल-५०' सारख्या किंवा 'कालामाझू' छापाच्या साध्या वाद्यांना बसतो. दांडी पुन्हा बसविणे, पट्ट्या चिकटविणे, पडदे बदलणे यांचा खर्च वाद्याच्या किमतीइतका होतो. मग ती सुटी करून विकली जातात. खुंट्या एकाला, टेलपीस दुसऱ्याला, आणि देह अडगळीत. नामांकित वाद्ये संग्राहक जपतील. सर्वसामान्य वादकांनी वाजविलेल्या या गिटारींची संख्या मात्र अशा रीतीने सतत घटते आहे.

भारतात आर्चटॉपला एक वेगळेच आयुष्य लाभले. ब्रिजभूषण काबरा यांनी हिंदुस्थानी रागसंगीतासाठी गिब्सनची 'सुपर ४००' निवडली. तारा पडद्यांपासून उंच उचलून, चिकारीची जोड देऊन, पोलादी कांडीने ते ती वाजवीत. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत तीच शैली ऐकू येते. जयपूरच्या विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा हीदेखील आर्चटॉपचेच रूपांतर. मुख्य तारा, चिकारी आणि तरफा मिळून तिच्यावर वीस तारा असतात. अशा वाद्यात पडद्यांची झीज पूर्णतः गौण ठरते, पण तारांची संख्या वाढल्याने तबली, घोडी आणि टेलपीस यांच्यावरील भार कितीतरी वाढतो. युद्धपूर्व वाद्यावर असा प्रयोग करणे म्हणजे बसू लागलेल्या कमानीवर आणखी ओझे टाकणे होय. त्यासाठी नवे वाद्य घडवून घेणेच इष्ट, आणि आता बहुतेक जण तसेच करतात.

परदेशातून अशी गिटार आणणाऱ्यांनी हवामानाचा विचार आधी करावा. या वाद्यांना ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ती याहून कितीतरी वर जाते. सरस नरमतो, लाकूड फुगते आणि पेटीच्या अस्तरावर बुरशी धरते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात नेमके उलट घडते आणि तबलीला नवी भेग पडते. पेटीत आर्द्रतामापक ठेवणे, पावसाळ्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या वेळोवेळी बदलणे आणि प्रवासाला नेताना तारा थोड्या सैल करणे एवढी दक्षता घेता येते. तारा सैल करताना घोडी जागची हलणार नाही, याची खूण मात्र आधी करून ठेवावी. चिकटविलेली नसल्याने ती सरकली, तर प्रत्येक पडद्यावरचा स्वर बेसूर होतो.